मिस्त्रींना समजलेलं पुस्तक

घटस्फोट मागायला गेलं की आधी हातात पुस्तक देतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, अर्ज द्यायचा, कारण सांगायचं आणि आपल्या वाटेनं चालू पडायचं. पण त्या कचेरीत एक सल्लागार बाई होत्या, आमच्या थोरल्या लेकीपेक्षाही वयानं लहान. त्यांचा नियम असा, की राजीखुशीनं वेगळं व्हायचं असेल तर नवरा-बायकोनं आधी एक पुस्तक पुरतं वाचायचं, शेवटच्या पानावर 'वाचलं आणि समजलं' म्हणून दोघांनी सही करायची आणि मगच पुन्हा भेटायला यायचं. तरुण जोडपी रागाच्या भरात येतात, पुस्तक संपेपर्यंत राग उतरतो, असा त्यांचा अनुभव होता. आम्ही काही तरुण नव्हतो आणि मी काही रागात नव्हते. पण नियम म्हणजे नियम.

"काकू, तुम्हाला वेगळं का व्हायचंय?" बाईंनी मला विचारलं.

"दाढेवरून," मिस्त्री म्हणाले.

खरं कारण तिथंच बाईंच्या टेबलावर येऊन पडलं होतं. पण बाई 'दाढ' हा शब्द लिहून घेण्यात गुंतल्या होत्या.

मिस्त्री म्हणजे आमचे हे. जन्मभर नळाचं काम केलं. गावात कुणाच्या भिंतीत कुठून पाइप गेलाय ते न पाहता सांगतील. माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, परक्या बाईकडे वाकडी नजर नाही. त्यांना एकच खोड, की मला कुणी काही विचारलं की उत्तर ते देतात. दुकानदारानं विचारलं, 'काकू, कुठला साबण देऊ?' की मिस्त्री सांगणार. पाहुण्यानं विचारलं, 'वहिनी, बरं आहे ना?' की मिस्त्री म्हणणार, 'बरं आहे तिचं.' मी तापानं फणफणलेली असले तरी माझं बरंच असायचं. सुरुवातीला मला वाटायचं, किती काळजी घेतात. मग वाटायला लागलं, मला उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून बिचारे मदत करतात. मग काही वाटेनासंच झालं. लग्नात असं काही वाटेनासं झालं की लोक त्याला सुखाचा संसार म्हणतात.

आणि मग दाढ आली. माझ्या दोन्हीकडच्या दाढा काळवंडलेल्या, पण दुखत होती डावीकडची. दातांच्या डॉक्टरनं मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस आणि कसला तरी चिमटा घातला आणि मग विचारलं, "कुठली?" मिस्त्री खुर्चीच्या पायथ्याशी उभे होते. म्हणाले, "उजवीकडची, शेवटची." मी जेवताना त्यांच्या समोर बसून गाल धरायची. त्यांच्या उजव्या हाताला जो गाल दिसायचा, तो त्यांनी माझा उजवा ठरवला होता. इतकी वर्षं ते मला समोरून बघत होते, माझ्या बाजूनं एकदाही बघितलं नव्हतं. मी अं अं केलं. डॉक्टरनं विचारलं, "दुखतंय का?" मिस्त्री म्हणाले, "नाही, तिला सहन होतं."

घरी आले, आरशात बघितलं, उजवीकडची दाढ गेली होती आणि डावीकडची ठणकत होती, आणि मिस्त्रींना म्हटलं, मला घटस्फोट पाहिजे. ते म्हणाले, "तुला नकोय तो." मग मी दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन अर्ज देऊन आले, आणि कचेरीतून दोघांना बोलावणं आलं.

थोरलीनं डोक्याला हात लावला. लोकांच्या बायका मारझोड सोसतात, दारिद्र्य सोसतात, आणि तू दाढेसाठी घर मोडतेस, असं ती म्हणाली. शिवाय जाणार कुठं? तेही मी बघून ठेवलं होतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीच्या वर एक खोली होती. एक खिडकी, एक खाट मावेल इतकी जागा आणि भट्टीमुळे सकाळी उबदार झालेली जमीन. बेकरीवालीनं महिनाअखेरपर्यंत खोली माझ्यासाठी धरून ठेवते म्हणून सांगितलं होतं. तिनं विचारलं, 'एकट्याच राहणार का?' आणि मी किती वेळ गप्प उभी राहिले तरी ती वाट बघत राहिली, पीठ मळत. मला ती खोली हवी होती ती त्यासाठी.

आता अडचण अशी, की मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पण मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, तिथं मोठ्या बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला आणि केस पांढरे झाल्यावर मी अक्षरं शिकले. अजून बोट ठेवून वाचते. सल्लागार बाईंच्या नियमात न वाचणाऱ्या नवऱ्याची सोय नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्यांना वाचून दाखवा." म्हणजे ज्या माणसापासून सुटायचं, त्याला सुटायचं कसं ते मीच रोज दुपारी शेजारी बसून शिकवायचं. कैद्यानं पहारेकऱ्यालाच कुलूप उघडायला शिकवावं तसं झालं.

पुस्तकाचं नाव इतकं लांब होतं की मला मध्ये दम घ्यावा लागला. मुखपृष्ठावर एक बाई समुद्राकडे तोंड करून हात पसरून उभी. मिस्त्रींनी आधी तेच विचारलं, ही बुडायला चाललीय का? मी म्हटलं, सुटलीय ती. ते म्हणाले, मग तिला घरी जायला सांग, वारा लागेल.

वाचायला बसलो. मी सगळं वाचायची. पानाचे आकडे, मथळे, 'येथे रिकामी जागा भरा' हेसुद्धा. काय सोडायचं ते मला कळत नसे. पहिल्याच प्रकरणात एक श्रीयुत क आणि त्यांच्या पत्नी आल्या. दोघं कुठल्याशा मोठ्या कंपनीत कामाला, घरात कुत्रा, आणि कुत्र्याला फिरवायचं कुणी यावरून भांडण. मिस्त्री खुर्ची ओढून पुढे आले. मग पुढच्या पानावर क गेले आणि 'आपल्या भावनांना नाव द्या' असं सुरू झालं.

"त्या 'क'चं काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

मी सांगितलं, काही नाही झालं, ते उदाहरण होतं. त्यांना पटेना. एवढं भांडण लावून दिलं आणि माणसाला मध्येच सोडून कसं दिलं? कुत्रा कुणाकडे गेला? पुढं कुठंतरी येईल, वाच, म्हणाले. या एका 'क'पायी मिस्त्री अख्खं पुस्तक ऐकायला बसले, हे मी कचेरीत कधी सांगितलं नाही. बाईंना वाटलं, विषयाची गोडी लागली.

पुस्तक आमच्यासारख्यांसाठी लिहिलेलंच नव्हतं. कपाटातली त्याची बाजू रिकामी करा, असं एका ठिकाणी होतं. आमच्या घरात कपाट एकच, आणि त्यात मिस्त्रींची बाजू म्हणजे पान्हे, रबरी वायसर आणि तोट्यांचा डबा. त्यांनी निमूटपणे सगळं काढून दारात मांडलं आणि विचारलं, आता कुठं ठेवू? पुस्तकात पुढचं नव्हतं. मग ते परत आत ठेवलं. जुन्या मित्रांना भेटा, असं होतं. मिस्त्रींचे जुने मित्र सगळे वर गेलेले. ते म्हणाले, एवढ्यात नको. समाजमाध्यमांवर जोडीदाराचे फोटो बघू नका, असं होतं. मिस्त्री म्हणाले, ती समोर बसलेली असते, तिच्याकडे बघू की नको? मी म्हटलं, पुस्तकाकडे बघा.

मग ते प्रश्नांचं प्रकरण आलं. 'आपल्याला मनापासून काय आवडतं? प्रत्येकानं फक्त स्वतःविषयी सांगावं.' मी वाचून थांबले. मिस्त्री लगेच म्हणाले, "तुला बिनसाखरेचा चहा आवडतो."

मी म्हटलं, स्वतःविषयी सांगायचंय. ते म्हणाले, माझं मागाहून सांगतो, तुझं लिही आधी, बिनसाखरेचा चहा.

मी बोट पुस्तकावरच ठेवलं. म्हटलं, "मला साखर लागते."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

मी सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तुमच्या आत्याकडे गेलो. आत्यानं मला विचारलं, साखर किती घालू? तुम्ही म्हणालात, ती नाही घेत. नवी नवरी, मी काय बोलणार? तेव्हापासून तुमच्या नात्यागोत्यात सगळीकडे मी साखर न घेणारी झाले. मग शेजारीपाजारी. मग आपल्या घरीसुद्धा, कारण तुम्ही बाजारातून येताना एवढ्याशा साखरेनं भागतं म्हणून कौतुक करायचात.

मिस्त्री म्हणाले, आत्याचा साखरेचा डबा उघडा होता. मी बसलो होतो तिथून आतलं दिसत होतं. तळाला चमचाभर उरली होती. तुला हो म्हणू दिलं असतं तर म्हातारीची अब्रू गेली असती.

"मग बाहेर आल्यावर मला सांगायचं."

"सांगायचं राहिलं," ते म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि इतकं साधं कारण निघाल्यावर राग तरी कशावर ठेवायचा ते कळेना. वाईट हेतू निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पुढं वाचायला लागले. 'आपल्याला मनापासून काय आवडतं?' ही ओळ पुन्हा वाचली आणि त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, स्वयंपाकघरातली तोटी गळत नव्हती तरी आवळून आले. ती जागा रिकामीच राहिली.

त्यानंतर मात्र माणूस पुस्तकाच्या मागे हात धुऊन लागला. मिस्त्रींचं असं आहे, की नियम म्हणून सांगितलं तर ते लगेच पटतं. बायको म्हणून सांगितलं तर त्यात जोर वाटत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, दुसऱ्याच्या वतीनं बोलू नका, आपलं बोलणं 'मला' या शब्दानं सुरू करा. मीच हे त्यांना आयुष्यभर कितीदा सांगितलं असेल. पण आता छापून आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात 'मला'ची रांग लागली. मला भूक लागली. मला असं वाटतं की भाजी करपतेय. मला वाटतं दारात कुणी आलंय. शेजारणीनं मला विचारलं, काय चाललंय? तर मिस्त्री दोन्ही हात वर करून म्हणाले, "मला विचारू नका. ती तिचं सांगेल." शेजारीण घाबरून मलाच म्हणाली, यांना डॉक्टरकडे नेऊन आण.

ते अंडी उकडायला शिकले, कारण 'स्वावलंबन' या प्रकरणात तसं होतं. आपले कपडे आपण धुवायला लागले. कुणाच्या घरी नळ दुरुस्त करायला गेले आणि तिथं नवरा-बायकोची कुरबुर ऐकू आली, की मोरीतूनच ओरडून सांगायचे, आपापलं बोला, दुसऱ्याचं बोलू नका. एका घरी तर म्हणाले, तुम्हीही घटस्फोटाला जा, फार चांगलं पुस्तक मिळतं. त्या घरच्यांनी नंतर दुसरा मिस्त्री धरला.

आणि इथंच माझा घात झाला. थोरली येऊन बघते तो बाप ओट्याशी उभा राहून स्वतःचा चहा करतोय आणि मला विचारतोय, "तुला किती साखर?" तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आई, आता तर सगळं सरळ झालं, आता कसला घटस्फोट? बाबा सुधारले. शेजारीणही म्हणाली, या वयात सुधारलेला नवरा म्हणजे पिकल्या केसांवर फुलं, नशीब काढलंस. मी म्हटलं, बघते. महिनाअखेर आली होती. बेकरीवालीनं निरोप पाठवला होता, खोली आणखी एका माणसानं विचारलीय.

मला त्या दिवसांत झोप लागत नसे, असं म्हणणार नाही, झोप लागायची. पण जागी झाले की पहिला विचार हाच यायचा, की माझ्याकडे कारण उरलेलं नाही. ज्या पुस्तकाच्या काठीनं मी नदी ओलांडणार होते, त्या काठीनं नदीच आटवली. आणि तरीही मला पलीकडे जायचं होतं.

पुस्तक संपलं. क पुन्हा आलेच नाहीत. मिस्त्री म्हणाले, लिहिणाऱ्यालाच माहीत नसणार. शेवटच्या पानावर मी सही केली आणि मिस्त्रींनी अंगठा दिला. मग आम्ही कचेरीत गेलो. थोरलीही आली, न बोलावता.

सल्लागार बाईंनी मिस्त्रींना विचारलं, काका, समजलं का पुस्तक? मिस्त्रींनी परीक्षेला बसल्यासारखं एकेक प्रकरण सांगितलं. दुसऱ्याच्या वतीनं बोलू नये. आपले कपडे आपण धुवावेत. भावनेला नाव द्यावं. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि पुस्तकातली माफीची वाक्यं जशीच्या तशी म्हणाले, "मला खंत वाटते, की मी तुझ्या गरजांकडे लक्ष दिलं नाही आणि कुत्र्याला कधी फिरवलं नाही."

बाईंच्या ते लक्षात आलं नाही, त्या रुमाल शोधत होत्या. आमच्या घरी मांजरसुद्धा नाही. मला हसू आलं. इतकी वर्षं ज्या माफीची वाट बघितली ती मिळाली होती, आणि तिचं पान कुठलं ते मला माहीत होतं, कारण मीच ते वाचून दाखवलं होतं.

बाई म्हणाल्या, त्यांच्या नोकरीत इतकं मनावर घेऊन पुस्तक कुणी वाचलं नव्हतं. नव्या जोडप्यांना त्या आमची गोष्ट सांगणार होत्या. मग त्यांनी अर्ज पुढे ओढला. "मग काकू, हा आपण मागे घेऊया ना? तुम्हाला जे हवं होतं ते मिळालंच आहे."

"हो, मागेच घ्यायचाय," थोरली म्हणाली. "आईला एवढंच हवं होतं."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग नुसतं बरं वाटावं म्हणून मिस्त्रींना विचारलं, "बरोबर ना, काका?"

"मला माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. "तिला विचारा."

मी सवयीनं मिस्त्रींकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं, की हे काय म्हणतात ते बघू. ते छताकडे बघत बसले होते, तिथं कुठं पाण्याचा डागही नव्हता. कपाळावर घाम होता. गप्प बसणं त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. गळकी तोटी अंगठ्यानं दाबून धरावी तसे बसले होते. त्या खोलीत तीन माणसं माझ्या बाजूची होती, त्यांतल्या दोघांनी माझं उत्तर परस्पर देऊन टाकलं होतं. एकच जण थांबला होता, आणि मी त्याच्याचपासून वेगळी व्हायला आले होते.

मला वेळ लागला. बाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं. थोरलीनं कोपरानं ढोसलं.

"मला वेगळं राहायचंय," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, पण कारण? आता तर कारण राहिलं नाही.

मी म्हटलं, "मला उत्तर यायला वेळ लागतो. आत्तासुद्धा बघितलंत. हे थांबले, पण घाम फुटला बिचाऱ्यांना. रोज मी त्यांना असं किती थांबवून ठेवू? आणि ते थांबलेत, या उपकारापायी मला घाईनं उत्तर द्यावं लागेल. मला एकटीला बसून, माझं मला काय हवं ते शोधायचंय. सापडेल की नाही ते माहीत नाही."

थोरली उठून बाहेर गेली. बाईंनी टोपण घातलं, पुन्हा काढलं. त्यांच्या पुस्तकात याला प्रकरण नव्हतं. मग त्या मिस्त्रींकडे वळल्या आणि विचारलं, काका, तुम्ही राहू शकाल का एकटे? जमेल तुम्हाला?

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. जमेल त्यांना, अंडी येतात, कपडे येतात, फक्त गुडघ्याचं औषध आठवण केल्याशिवाय घेत नाहीत. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. दातावर दात दाबून ते परत गिळलं.

मिस्त्रींनी पुष्कळ वेळ घेतला. माझ्यापेक्षाही जास्त.

"मला सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले. "उत्तरं मी पुष्कळ दिली. पण आजवर मला असं कुणी विचारलेलं नव्हतं."

बाईंनी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि शाईची डबी उघडली. म्हणाल्या, घाई नाही, विचार करा. मिस्त्रींनी अंगठा शाईत बुडवला, वर धरला आणि तसाच धरून विचार करत बसले. मी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. मला कुठं जायची घाई नव्हती, बेकरी संध्याकाळपर्यंत उघडी असते.